शिबिराची जुनी फाईल

ड्रायव्हर हा शब्द मला आता नकोसा झालाय. एसटी स्टँडवर कुणी ‘ड्रायव्हर कुठे गेला?’ म्हणून ओरडलं तरी मी तोंड फिरवते.

मी रक्त तपासणारी बाई. आमच्या रुग्णालयात सिकलसेल तपासायचं मोठं यंत्र आहे. नंदुरबार जिल्ह्यात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाड न् हाड ठणकतं. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, त्याला सहसा काही होत नाही. यंत्राला जोडलेला जुना संगणक गेल्या वर्षी बदलला. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने नवं सॉफ्टवेअर घातलं, जुन्या फायली नव्या संगणकात टाकल्या आणि छाती पुढे काढून म्हणाला, ‘मॅडम, जुनं सगळं यात उघडतं.’ उघडून दाखव, असं मी म्हटलं नाही. त्याने चहा घेतला आणि गेला.

मग एका सोमवारी सारंगखेड्याकडची एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. आई केळीच्या बागेत मजुरीला जाते. मुलगी वीस वर्षांची, बारावी झालेली, बाकावर बसताना गुडघे धरून बसणारी. तिला एका भरतीत दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेवर अर्ज करायचा होता. शुक्रवार शेवटचा दिवस. सिकलसेलच्या रुग्णाला दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळतं, वाहकाला नाही. आणि इथेच घोडं अडलं होतं. दोन वर्षांपासून तिला वरचेवर रक्त चढवावं लागतं. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की यंत्रावर रुग्णही वाहकासारखा दिसतो. बाहेरचं रक्त अंगातून जायला तीन-चार महिने लागतात, आणि तेवढे दिवस रक्ताविना काढणं तिला जमणारं नव्हतं. नमुना बाहेर पाठवला तर उत्तराला आठवडे. आमचे डॉक्टर म्हणाले, ‘पहिली बाटली चढण्याआधीचा रिपोर्ट असेल तर मी आत्ता सही करतो.’

तो रिपोर्ट होता. ती आश्रमशाळेत असताना आमचं शिबिर झालं होतं, आणि नमुने याच यंत्रावर लागले होते. शाळेतून मिळालेला कागद घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. पण फाईल होती.

मी ती उघडली. पडद्यावर पाटी आली: ड्रायव्हर सापडला नाही. पुन्हा उघडली, पुन्हा तीच पाटी. मी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. म्हणाला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं. मग म्हणाला, तुमची फाईल जुन्या पद्धतीची आहे, सॉफ्टवेअर नव्या पद्धतीचं, मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर, तो जुना लागेल. हे शहाणपण त्याला मंगळवारी दुपारी सुचलं. जुना ड्रायव्हर टाकला तर नव्याने मान टाकली आणि यंत्रच बंद पडलं. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? त्या दिवशीचे नमुने तसेच रॅकमध्ये पडून, डॉक्टर माझ्यावर उखडलेले, आणि फोनवर हा मधाळ आवाजात विचारतोय, ‘मॅडम, केबल नीट बसलीय ना?’ आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला त्या आवाजाची शिसारी आली. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एक शब्दही मागे घेणार नाही असं तेव्हा वाटलं होतं.

आई रोज यायची. दारात चपला काढायची, मी नको म्हटलं तरी.

‘ताई, कागद सापडना का?’

‘नाही हो. उद्या बघू.’

‘मन्ही पोरनं काम व्हई ना पण?’

होईल, असं मी तिला तीनदा सांगितलं.

गुरुवारी सकाळी माझ्या डोक्यात आलं, की दोन ड्रायव्हर एका संगणकात नांदत नसतील तर जुना संगणक कुठे मेलाय? तो मेला नव्हता, भंगाराच्या खोलीत होता. ती खोली म्हणजे आमच्या रुग्णालयाचं खरं रूप. मोडके स्टूल, गंजलेलं सलाईनचं स्टँड, कुजक्या गाद्या, उंदराचा वास. संगणक उचलला तर खालून झुरळांची पलटण निघाली आणि बोटाला पालीची अंडी लागली. मी हात तीनदा साबणाने धुतला, तरी दुपारचा डबा गेला नाही. जुन्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली तो इंजिनिअर जाताना काढून घेऊन गेला होता, त्यामुळे ते चालणार नव्हतं. पण ड्रायव्हर आत शिल्लक होता. फाईल साध्या तक्त्यासारखी उघडायला तेवढा पुरे. मी ती पेन ड्राइव्हवर आणून जुन्या संगणकात लावली.

दुपारी दोनच्या सुमारास ती उघडली. खऱ्याखुऱ्या ओळी, नाव, शाळा, आकडे. मी आनंदाने आईला हाक मारली. दोघी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी मुलीचं नाव टाकलं.

पाच ओळी आल्या.

नाव तेच, आडनाव तेच, शाळा तीच. आमच्याकडे एका वर्गात एका नावाच्या चार-पाच मुली असणं काही नवल नाही. म्हणूनच बापाचं नाव विचारायची जागा असते. मी त्या रकान्यात पाहिलं. पाचही ओळींत एकेक टिंब होतं. जन्मतारीख पाचही जणींची एक जून. शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी जी ठोकून देतात, ती. वर्षही एकच. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचा क्रमांक होता आणि तो माझा होता.

सॉफ्टवेअर रकाना रिकामा सोडू द्यायचं नाही, म्हणून टिंब. शिबिरात रांग लांब असायची, इंग्रजीत टाइप करायचा कंटाळा, आणि हातवहीत लिहिलंच आहे ना, ही सबब. ती हातवही पुढे सगळं संगणकात आलंय म्हणून रद्दीत गेली. रद्दीही मीच बांधली होती.

पाचांतल्या दोघी रुग्ण होत्या, एक वाहक, दोघी निरोगी. रुग्णाची एक ओळ छापून डॉक्टरांपुढे ठेवायला एक मिनिट लागलं असतं. त्या दोन ओळींतली एक हिचीच हे मला दिसत होतं. पण डॉक्टरांनी विचारलं असतं, कशावरून? आणि माझ्याकडे टिंब होतं.

मुलगी वाकून पडदा वाचत होती. ती शाळेतली नीट मराठी बोलते. म्हणाली, ‘मॅडम, या आम्हीच पाच. शाळेत पाच कागद आले, तेव्हा सरांनी विचारलं, कोणता कोणाचा? आम्हाला काय माहीत. जिच्या हाताला जो लागला तो तिने घेतला.’

‘तुला कोणता मिळाला?’

‘वाहक. म्हणून गोळ्या नाही सुरू केल्या.’

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ‘आणि दुसरी? दुसरी जी आजारी होती ती?’

‘ती नववीत असतानाच वारली, मॅडम. होळीला घरी आली होती, तेव्हाच. तिच्या कागदावर निरोगी होतं. घरचे म्हणायचे, हिला काही नाही, शाळा चुकवते.’

पालीच्या अंड्यांची आली नव्हती इतकी माझी मला किळस आली. चार दिवस मी त्या पुण्याच्या पोराला बेअक्कल, बेजबाबदार, काय काय म्हणाले होते.

आईने माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. ‘ऱ्हाऊ द्या ताई. तुम्हले काय मालूम व्हतं?’

मला मालूम होतं. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पाचही जणी एकापाठोपाठ एक टेबलापुढे आल्या होत्या. प्रत्येकीने तेच नाव सांगितलं, आणि पाठोपाठ बापाचंही. पाचवीला मी म्हटलं होतं, ‘काय गं, एकाच नावाचं दुकान काढलंय का तुम्ही?’ सगळ्या खळखळून हसल्या होत्या. मीसुद्धा हसले, आणि पाचवं टिंब दिलं.