काळ्या ओंडक्यांवरचे चांदीकान

थोंगच्यांगच्या डोंगरात आता चांदीकान नावाची खायची बुरशी भुशाच्या पिशव्यांत पिकते. युनबीला ते मुळीच मान्य नाही. चौऱ्याहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी ती ओकचे ओंडके दरीच्या सावलीत मांडते आणि त्यांवर ती पांढरी, लिबलिबीत बुरशी फुलायची वाट पाहत बसते. सून विचारते, "आई, हौस फिटत नाही का हो तुमची?" युनबी पुढचा ओंडका सावलीत सरकवते. तिचं मन केव्हाच सासऱ्याच्या काळात गेलेलं असतं. काय दिवस होते ते!

नवी नवरी होती तेव्हा. सासरा कोउ अंथरुणाला खिळला आणि ओंडके तिच्या हाती आले. म्हाताऱ्याची एकच इच्छा उरली होती, आपल्या ओंडक्यांवरच्या चांदीकानांची, खडीसाखर घातलेली एक वाटी. माहेरचं नाव राखायचं म्हणून युनबीनं कंबर कसली. ओंडक्यांवर काळे फोड दिसले. तिला वाटलं, लाकडाला रोग लागला. आठ दिवस घासून घासून तिनं ओंडके लख्ख केले. कसली स्वच्छता अन् कसलं काय, बाईनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पावसाळा सरत आला तरी एक कान उगवेना. शेवटी खडकामागच्या, हात न पोचलेल्या काळ्याकुट्ट ओंडक्यावर एकुलता एक सापडला. तो घेऊन ती घरी आली आणि रडत रडत सगळं कबूल केलं.

म्हातारा रागावला नाही. म्हणाला, "पोरी, ते काळे फोड म्हणजे रोग नव्हे, तीही बुरशीच. दोघींची जात वेगळी, पण चूल एक. काळी लाकूड खाते, पांढरी काळीच्या जिवावर जगते. तू काळीला हाकललंस, मग पांढरी जेवणार कुणाकडे?"

तिनं तो कान खडीसाखर घालून शिजवला आणि वाटी आणली. त्यानं दोन घोट घेतले आणि उरलेली तिच्यापुढे सरकवली. "आता ओंडके तुलाच सांभाळायचेत. चव ठाऊक हवी." पानगळीआधी तो गेला.

पुष्कळ वर्षांनी शहरातून संशोधक आले. या दोन बुरश्या अगदी वेगळ्या कुळांतल्या, आणि काळीवाचून पांढरी फुलत नाही, असं त्यांनी समजावलं. गाव तोंडात बोट घालून ऐकत होता. युनबीला मात्र हुंदका आवरेना. तिच्या अंगठेबहाद्दर सासऱ्यानं हे कधीच सांगून ठेवलं होतं.

यंदाचा पहिला कान शिजला तेव्हा सून समोर आली. ओंडके फार काळे पडलेत, पुसून काढते म्हणाली. हातात ओलं फडकं. युनबीनं दोन घोट घेतले, वाटी तिच्यापुढे सरकवली आणि फडकं काढून घेतलं.