रणमळ्यातले पाहुणे

अकोल्याच्या मोटारअड्ड्यावर मला मिरच्यांच्या पोत्यावर जागा मिळाली आणि वऱ्हाडाचं पहिलं दर्शन मी शिंकत शिंकतच घेतलं. वाशीमच्या सर्व्हिस मोटारीत माणसांपेक्षा माल जास्त होता. मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. जन्मभर पोरांकडून लढाया घोकून घेतल्या, पण रणांगण म्हणून एकही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. विलायतेत लढाई जुंपल्याच्या त्या पहिल्या हिवाळ्यात रजा साठली होती, म्हणून निघालो. बायको म्हणालीच, "घरातल्या लढाया कमी पडल्या वाटतं!"

पातूरच्या घाटात मोटारीनं मान टाकली. ड्रायव्हर बादली घेऊन पाणी शोधायला गेला आणि आम्ही सगळे उतारू खाली उतरून बसलो. पण त्या खोळंब्याचा मला राग आला नाही. खाली काळ्या जमिनीवर ज्वारी उभी होती, कपाशीची बोंडं फुटली होती, आणि मधूनमधून तुरीचे पिवळे पट्टे. आमच्याकडच्या खडकाळ माळांची सवय झालेल्या डोळ्यांना ती जमीन पाहून हेवाच वाटला.

वाशीमला एक दिवस मुक्काम केला. गाव फार जुनं. वत्सगुल्म हे त्याचं पुराणातलं नाव. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर सकाळी बसलो, बालाजीच्या देवळातले खांब हात लावून पाहिले. इथली तीर्थं मोजू लागलात तर बोटं पुरायची नाहीत. देवळातल्या पुजाऱ्यानंच मला पुढचा रस्ता दाखवला. "लढाईची जागा पाह्यची असंन तं रिसोडले जा. केनवडच्या वाटंवर सोनाजी माळ्याचा रणमळा हाय. तो दाखवते सगळं."

रिसोडच्या धर्मशाळेत पथारी टाकली आणि दुसऱ्या दिवशी एक दमणी (हलकी बैलगाडी) ठरवून रणमळा गाठला. मळा पाहून मन निवलं. विहिरीवर मोट चालू होती, पाटाचं पाणी खळखळत होतं, वांगी, कांदे, मेथी यांचे वाफे आखून काढल्यासारखे. सोनाजी साठीच्या आसपासचा, वाळलेला, डोळ्यांत मिस्कील चमक असलेला माणूस. मी पुण्या-नाशकाकडचा आहे हे त्यानं पहिल्या दोन वाक्यांत काढून घेतलं आणि मग गोणपाट अंथरून लढाई मांडली.

"हे वांगे म्हंजे नागपूरची फौज. आपले लोक. आन् हे कांदे म्हंजे हैदराबादची. कांदे तिकून आले, विहिरीच्या अंगानं. वांगे दबून बसले व्हते ज्वारीत!"

मग जी काही कापाकापी झाली म्हणता! वांग्यांनी कांद्यांना बांधापर्यंत रेटलं, ओढ्यात पाडलं, आणि शेवटचा कांदा सोनाजीनं पायानं असा उडवला की तो थेट मेथीत जाऊन पडला. नंतर त्यानं झोपडीतून एक गंजका तोफगोळा आणून माझ्या हातात दिला. माझी छाती फुगली. खुशीत त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि परत आलो.

संध्याकाळी चहाच्या हाटेलात मी ही लढाई रंगवून सांगत होतो, तर हाटेलवाला गालातल्या गालात हसू लागला.

"काहून हसता?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"काही नाई, मास्तर. मांगच्या साली हैदराबादकडचे एक अंमलदार आले व्हते. तेबी असेच खुश होऊन गेले. त्या टायमाले कांदे जिंकले व्हते."

माझा चहा थंड झाला. इतका संताप आला की म्हटलं, उद्या जाऊन म्हाताऱ्याची चांगली हजेरी घ्यावी.

त्याच रात्री धर्मशाळेत माझ्या शेजारच्या पथारीवर हिंगोलीचे एक वृद्ध गृहस्थ उतरले. पांढरी दाढी, स्वच्छ शेरवानी; सगळे त्यांना मीरसाहेब म्हणत. त्यांच्या उशाशी कापडात बांधलेलं एक पुडकं होतं. तेही रणमळाच पाहायला आले होते, पण माझ्यासारखे हौसेनं नव्हे.

"माझे पणजोबा हैदराबादच्या फौजेत होते," ते म्हणाले. "इथल्या लढाईला आले, परत गेलेच नाहीत. भाऊबंद म्हणतात, मैदानातून पळाले आणि शरमेनं कुठंतरी तोंड लपवून राहिले. शादीत जेवायला दस्तरखानावर बसलो की कोणीतरी हसून म्हणतंच, 'मीरसाहेब, इतक्यात उठू नका, तुमच्या खानदानाला उठून जायची सवय आहे.' माझ्या वालिदांनी हे जन्मभर ऐकलं, मी ऐकतो आहे. पुढच्या महिन्यात नातीची शादी आहे, मास्तरसाहेब. आता तिनं ऐकू नये."

पुडक्यात हिरवी चादर होती, कडेला सोनेरी गोट लावलेली. कबर सापडली तर घालायला आणली होती. ते ज्या हातानं तिची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते, तो हात पाहून सोनाजीच्या कांद्या-वांग्यांबद्दल बोलायची मला हिंमत झाली नाही.

सकाळी आम्ही एकाच दमणीतून निघालो. वाटेत मीरसाहेब पुडकं मांडीवर सांभाळत बसले होते आणि मी अस्वस्थ. सोनाजी मीरसाहेबांना पाहील, कांद्यांना विजय देईल, कुठल्यातरी दगडाकडे बोट दाखवून "हेच तुमचे पणजोबा" म्हणेल, हे मला दिसत होतं. आणि तसल्या उसन्या शाबासकीवर हा म्हातारा भाऊबंदांसमोर उभा राहणार होता.

दमणीतून आधी मी उतरलो. सोनाजी हसला. मग मीरसाहेब उतरले आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. आजवर दोन्ही बाजू एकाच गाडीतून कधी आल्या नव्हत्या! तरी सवयीनं त्यानं गोणपाट अंथरलं, टोपलीतून वांगी काढली, कांदे काढले. मीरसाहेब समोर बसले आणि सरळच म्हणाले, "भाई, मला लढाई नको. एवढंच सांगा, आमचे लोक लढले की पळाले?"

सोनाजीनं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, मांडीवरच्या पुडक्याकडं पाहिलं. हातातला कांदा त्यानं दोनदा खाली ठेवला आणि दोनदा उचलला. मग सगळी भाजी गोळा करून टोपलीत भरली.

"साहेब, मले माहीत नाई. माह्या बापालेबी माहीत नोतं. पाव्हणा येते, दोन घटका खुश होते, म्हून मी सांगतो. तुमाले नाई सांगू शकत."

मीरसाहेबांचा चेहरा उतरला. माझा राग मात्र कुठल्या कुठे गेला. त्या पोटार्थी गप्पिष्टाचा मला एकाएकी अभिमानच वाटला.

पलीकडच्या वाफ्यात सोनाजीची बायको गिरजाबाई मेथी खुडत होती. ती पदर सावरत उठली. "ज्यायच्या लढाया त्यायले माहीत. आपल्याकडं पाव्हणे हायेत ते दाखवा ना त्यायले!"

तिनं आम्हाला विहिरीच्या मागं नेलं. तिथं बांधाला लागून एक लांबट तुकडा नांगराविना सोडलेला होता, वर नुसता झेंडू. इतक्या कसदार मळ्यात ही जमीन पडीत कशी, असं मला आदल्या दिवशीच वाटलं होतं. तिथं येताच गिरजाबाईनं चपला काढल्या.

"दोन्ही फौजा निंगून गेल्या. राह्यले ते इथं पडून व्हते. आमच्या पुर्वजायनं सगळ्यायले एकाच जागी माती देल्ली. कोन कोनाचा, कसं वळखावं? तवापासून हे आमचे पाव्हणे. वांग्याचा पयला तोडा निंगाला का आमी रोडगे (शेणीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) करतो. पयलं पान या पाव्हण्यायचं, मंग आमी जेवतो. मटन कधीच नाई. कोनाले काय चालते, कोनाले ठाव? रोडगे-वांगे सगळ्यायले चालते."

मीरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "यात आमचे असतील का, बाई? लोक म्हणतात ते पळाले."

"घरी आले व्हते का?"

"नाही."

"मंग?" ती जवळजवळ रागावलीच. "पयनारा मानूस घराकडंच पयते ना बापा! लेकरायकडं येते. पयाले ते आपापल्या घरी गेले. जे घरी गेले नाईत, ते इथं जेवून राह्यले."

मीरसाहेबांनी पुडकं सोडलं, पण चादर हातात धरून नुसतेच उभे राहिले. ती एका कबरीच्या मापाची होती आणि तुकडा चांगला लांब. कोणाला घालावी, कोणाला उघडं ठेवावं? गिरजाबाईच पुढं झाली. थंडीत एका गोधडीत सगळी लेकरं निजवण्याची सवय असलेली बाई ती. "आडवी टाका, साहेब. सगळ्यायच्या पायावर येईन."

तिनं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. माझे डोळे भरून आले आणि मी मिरच्यांच्या पोत्याला दोष देऊ शकत नव्हतो.

त्या दुपारी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि ठेचा. असं भरीत मी आजवर खाल्लेलं नाही, पुढं मिळेल याची आशाही नाही. सोनाजी उठला, मी उठलो, मीरसाहेब मात्र कितीतरी वेळ बसून होते, सावकाश एकेक घास घेत.

रिसोडला आमच्या वाटा फुटल्या. त्यांची मोटार हिंगोलीची, माझी अकोल्याची. मोटारीत चढताना ते म्हणाले, "आता विचारू देत भाऊबंदांना. सांगेन, आमचे पणजोबा उठून गेले नाहीत. अजून पानावर बसले आहेत."

घरी पोचलो तेव्हा शेजारचे दोघे मित्र ओसरीवर वर्तमानपत्रातला युरोपचा नकाशा पसरून बसले होते, कोण कुठवर सरकलं ते बोटानं मोजत. बायकोनं माझं पान वाढलं आणि जेवता जेवता मी सगळी हकीकत सांगितली. शेवटपर्यंत ऐकून एकानं विचारलं, "ते सगळं खरं, पण जिंकलं कोण?"

"मले माहीत नाई," मी म्हणालो आणि बायकोकडं आणखी एक भाकरी मागितली. त्या रात्री मला पानावरून उठायची घाई नव्हती.