समक्ष पाहिले

भाऊ पेडणेकर फळा पुसायचे तो स्वतःच्या रुमालाने. मंडळाने त्यासाठी एक डस्टर खिळ्याला टांगून ठेवलं होतं, पण त्याला ते बोटसुद्धा लावायचे नाहीत. "त्या फडक्यान बातमी पुसत नाय गो, नुसती पसारता," म्हणायचे. पहिली पाळी सुटली की कंपनीतून थेट नाक्यावर. बाहीला ऑइलचे डाग, डोळ्यांवर जाड चष्मा. नळावर रुमाल भिजवायचा, पिळायचा, कालचा मजकूर वरून खाली पुसून काढायचा आणि फळा वाळेपर्यंत समोरच्या हॉटेलात अर्धा चहा घ्यायचा. मग खडू. तोवर मागे माणसं जमलेली असायचीच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडात तेव्हा नाक्यानाक्यावर असे वार्ताफलक असायचे. वाडीत पेपर घेणारी घरं होती, नाही असं नाही, पण ती माणसंही पेपर वाचून झाला की फळा बघून यायची. कारण पेपरात दिल्ली असायची, मुलुंड नसायचं. भाऊंच्या फळ्यावर सगळं असायचं. 'रेशनवर साखर आली. रांग पिंपळापर्यंत. समक्ष पाहिले.' 'कांदा उतरला, पण निम्मा सडका. समक्ष पाहिले.' 'स्टेशनमागच्या मैदानात गरब्याचा मांडव घातला. यंदाचा ढोलवाला बरा आहे. समक्ष पाहिले.' प्रत्येक बातमीच्या शेवटी हे दोन शब्द. ते नसले तर बातमी नाही.

मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. माझं तोंड पहिल्यापासून सैल. नळावर भाऊ भेटले तर मी सांगून टाकलं, "अहो, तो पुढचा रंगाचा कारखाना बंद पडला म्हणे. आमचे भावजी सांगत होते." भाऊंनी सायकल काढली, उन्हातान्हात कारखान्यापर्यंत जाऊन आले आणि माझ्या दारात उभे राहिले. "गेट सताड उघडा आसा गो. भोंगो वाजता, माणसा आत जातत. तुझ्या दिराक सांग, बातमी जागेपणी बघूची आसता." मी लाजेने लाल. आणि नवरा आत बसून खो खो हसतोय!

किराणावाल्या शांतीभाईंना मधल्या वर्षांत शेअरचं वेड लागलं होतं. सगळ्या मुंबईलाच लागलं होतं म्हणा. तांदूळ जोखता जोखता ते भाव सांगायचे. एकदा भाऊंच्या मागे लागले, "भाऊ, रोज फळ्यावर शेअरचा भाव लिहा ना, पब्लिकला उपयोगी पडेल." भाऊ म्हणाले, "शांतीभाई, माका एक शेअर दाखवा. हातात घेतंय, वास घेतंय, मगे लिवतंय." शांतीभाईंनी खरंच घरून कागद आणून दाखवला. भाऊंनी चष्मा पुसून तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "हो कागद आसा. कंपनी खय आसा?" दुकानातली सगळी माणसं हसली. शांतीभाईसुद्धा.

भाऊंची कंपनी मात्र डोळ्यांसमोर होती. त्याच रस्त्यावर, आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे भाऊ लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर होते आणि माझा नवरा, सुरेश, त्यांच्याच हाताखाली शिकून शेजारच्या लेथवर उभा राहिलेला. आपल्या लेथला भाऊ 'म्हातारी' म्हणायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, गावाला फक्त थकलेली आई. लेथचा जरा आवाज बदलला तरी म्हणायचे, "आज म्हातारेचा पोट बिघडलाहा." सुरेश घरी येऊन त्यांची नक्कल करायचा. आमच्या घरात देवाच्या खालोखाल शब्द कोणाचा चालत असेल तर भाऊंचा. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

त्या वर्षी नवरात्र आलं तेच धास्ती घेऊन. गिरणगावाची वाट लागलेली सगळ्यांनी पाहिली होती. आमच्या वाडीत निम्मी घरं तिकडूनच उठून आलेली. आता आमच्या रस्त्यावरचे भोंगे एकेक करून गप्प व्हायला लागले होते. त्या जागांवर पत्रे ठोकले जायचे आणि पत्र्यांच्या आत इमारती चढायच्या. जमिनीला सोन्याचा भाव आलाय, हे तर शाळेतली पोरंही बोलायची. आमच्या कंपनीबद्दल कुजबुज सुरू झाली. सुरेशच्या मित्राने नाशिकच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. बोलावणंही आलं: दसरा झाला की हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मी तर ट्रंकही काढून ठेवली होती. सुरेशचं ठरेना. "भाऊंना विचारतो," म्हणाला.

भाऊंनी त्याला सांगितलं, "खंडेनवमीपर्यंत थांब. मी मॅनेजराक तोंडार विचारतंय."

खंडेनवमी म्हणजे कंपनीत यंत्रांची पूजा. वर्षातून त्या एका दिवशी बायकापोरांना गेटच्या आत सोडायचे. आधी आठवडाभर माणसं आपापलं मशीन असं घासायची, जसे गणपतीचे चौरंगपाट. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी मुद्दाम सांगितलं होतं की नीट खोलून पुसा, उघड्या भागांना ग्रीस चोपडा, पायाचे बोल्टही सैल करून तेल घालून ठेवा, दसऱ्यानंतर शेडमध्ये नवी फरशी घालायची आहे. माणसं खूश! फरशी घालतोय म्हणजे कंपनी चालणार. सुरेशच्या नखांतलं ग्रीस तीन साबणांनी निघेना, इतकं त्याने मन लावून केलं.

भाऊंना गावाहून एसटीने 'नवं' यायचं. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूचं फूल, असं एकत्र बांधलेलं. कोकणात ते दसऱ्याला दाराला बांधतात. भाऊंची आई ते आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधून पाठवायची. भाऊ घराच्या दाराला बांधायचे नाहीत, म्हातारीला बांधायचे. त्या दिवशीही बांधलं. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. मॅनेजरसाहेब अनवाणी आले, कपाळाला टिळा लावून घेतला, आरतीचं ताट हातात घेतलं. आरती संपली तशी भाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, लोकं बोलतात कंपनी बंद होणार. खरं काय?"

मी तिथेच उभी होते. साहेबांनी म्हातारीवर हात ठेवला, अगदी त्या लोंब्यांच्या शेजारी, आणि हसून म्हणाले, "भाऊ, बंद करायची असती तर फरशी कशाला घातली असती? निर्धास्त दिवाळी करा."

बाहेर पडताना सुरेशने विचारलं, "भाऊ, मग नाशिक?"

"देवासमोर उभो रवान, हात ठेवन माणूस खोटा बोलूचो नाय. खय जातंस नाशकाक? रव हय."

संध्याकाळी फळ्यावर बातमी लागली. 'आपली कंपनी चालू राहणार. शेडला नवी फरशी. अफवांवर विश्वास ठेवू नये.' आणि शेवटी? शेवटी 'समक्ष पाहिले' नव्हतं. भाऊंनी लिहिलं होतं, 'देवासमक्ष ऐकले.' कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मला ते उलट जास्तच पक्कं वाटलं. सुरेशने नाशिकला नकार कळवला. मी ट्रंक परत माळ्यावर चढवली आणि खरं सांगते, हायसं वाटलं. परक्या गावी कोणाला जायचंय?

दुसऱ्या दिवशी दसरा. कंपनीला सुट्टी. सकाळपासून रस्त्याने ट्रक जात होते, पण दसऱ्याला कुठल्या ट्रकला झेंडूची माळ नसते? पोरं हात हलवत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. भाऊ नाक्यावर फळ्याच्या वरच्या पट्टीवर सरस्वती काढत होते. दुपारी धम्मचक्र दिनाची मिरवणूक आली, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, निळे झेंडे. रस्ता थांबला आणि ताडपत्री घातलेला एक ट्रक बरोबर आमच्या फळ्यासमोर उभा राहिला. भाऊंच्या खिशात आपट्याची पानं होती. ओळख असो नसो, सगळ्यांना द्यायचे. ड्रायव्हरला पान द्यायला म्हणून पुढे झाले. "लो भाई, सोना लो."

परत फिरताना त्यांची नजर ताडपत्रीच्या कडेला गेली. तिथून काहीतरी बाहेर लोंबत होतं. लोंब्या. हिरव्या काठाने बांधलेल्या.

ते कसे वर चढले मला कळलं नाही. पन्नाशीचा माणूस, चाकावर पाय देऊन वर गेला आणि ताडपत्री ओढली. आत म्हातारी. कालचं हळदकुंकू तसंच, ग्रीस तसंच चकाकत होतं, खाली लाकडाचे ओंडके लावून दोरांनी आवळलेली. भाऊ ओरडले. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "सुरेशाऽऽ! माझ्या म्हातारेक व्हरतत रे!"

ड्रायव्हर बिचारा म्हणत होता, "हमको क्या मालूम भाई, माल उठाने को बोला." मागच्या जीपमधून पोलीस उतरले, त्यांनी भाऊंना दंडाला धरून खाली घेतलं. मिरवणूक पुढे सरकली आणि ट्रक निघून गेला. सुरेश आणि बाकीचे कंपनीकडे धावले. गेटला हे मोठं कुलूप आणि शेजारी इंग्रजीत नोटीस. फटीतून दिसलं, शेड रिकामी, जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले. सकाळपासून पोरांनी हात हलवून निरोप दिला तो आमच्याच मशीनांना. आणि ती न्यायला सोपी जावीत म्हणून पुसून, सैल करून, ग्रीस लावून कोणी दिली? आम्हीच. पूजा म्हणून!

भाऊ नाक्यावर परत आले. नळावर रुमाल भिजवला. सरस्वती पुसली नाही, फक्त खालचा मजकूर पुसला. लिहिताना खडू दोनदा मोडला.

'कंपनीची मशीनं आज नेली. समक्ष पाहिले. कालची बातमी खोटी होती. ती मी न पाहता लिहिली. दत्ताराम पेडणेकर.'

त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, पुसा ते. तुमचा काय दोष यात?" भाऊ म्हणाले, "कोणीच पुसूचा नाय ता." मग सुरेशकडे वळले. "सुरेशा, तुझा नाशिक माझ्यामुळा गेला."

सुरेशने तोंड फिरवलं. तिथेच, सगळ्यांसमोर. पुढे वर्षभर गेटवर बसणं झालं, मोर्चे झाले, सगळं झालं, पण तो भाऊंशी बोलला नाही. मी पुष्कळ डोकं फोडलं. "फसवलं साहेबाने आणि तू अबोला धरतोस भाऊंशी?" म्हणायचा, "साहेबावर मी विश्वास ठेवलाच नव्हता. मी भाऊंवर ठेवला होता."

भाऊ गावी गेले. जाताना आमच्या दारात आले, तेव्हा सुरेश मागच्या दाराने बाहेर पडला. भाऊ मला म्हणाले, "तेका काय बोलू नको गो. तो बरोबर आसा." त्यानंतर फळ्यावर कोणी लिहिलं नाही. क्लासच्या जाहिराती चिकटायला लागल्या. पण दर दसऱ्याला एसटीच्या पार्सलमधून नवं यायचं, हिरव्या काठाने बांधलेलं, माझ्या नावाने. मी ते कंपनीच्या गेटला बांधून यायची. फटीतून बघायची, सुरेशने तेल घातलेल्या बोल्टना बरेच दिवस गंजसुद्धा चढला नव्हता. मेलं इतकं चांगलं काम कशाला करावं माणसाने, असं म्हणून मी तिथे एकदा रडलेसुद्धा.

एका दसऱ्याला नवं आलं नाही. तोवर सुरेश घाटकोपरला एका दुकानात लागला होता. नाक्यावर लगेच सुरू झालं, "पेडणेकर गेले वाटतं." चहावालाही म्हणाला, शांतीभाईही म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं. सुरेश जेवत होता. "कोणी बघितलंय?" त्याने विचारलं. "बघितलं नाही ना? मग गप बसा सगळे." त्याच संध्याकाळच्या एसटीने तो निघाला.

परत आला तो घरी न येता सरळ नाक्यावर गेला. मला कोणीतरी सांगितलं म्हणून मी धावत गेले, तर हा नळावर आपला रुमाल भिजवत होता. जाहिरातींचे कागद नखांनी खरवडून काढले, फळा वरून खाली पुसला, आणि वाळेपर्यंत चहासुद्धा न घेता तसाच उभा राहिला. मग आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं.

'दत्ताराम पेडणेकर गावी वारले. मी पोचलो तेव्हा दहावा झाला होता. समक्ष पाहिले नाही. फार उशीर केला. सुरेश तावडे.'

रिक्षाची वाट बघणारी दोन माणसं वाचत थांबली. त्यांना कोण भाऊ, कोण सुरेश, काही ठाऊक नव्हतं. मी त्याच्या हातातला खडू घ्यायला गेले, तर त्याला तो सोडवेना.