निम्म्यावर आलेला खोकला

वस्तीतल्या बायकांनी त्यांना खोकलेबाई असं नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की संस्थेतला शिपाईसुद्धा पाठीमागे तेच म्हणायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत त्या नोकरीला होत्या, आणि ओळीने दोन हिवाळे त्यांनी टेकडीवरची वस्ती घर न् घर पालथी घातली होती. दारात उभं राहून विचारायचं, "काल पोरं किती खोकली?" एका आजीने तर सुनावलंच होतं, "औषध देत नाहीस, गोळी देत नाहीस, मग एवढं चढून येतेस कशाला गं? घरात तुला कुणी बोलायला नाही का?"

प्रश्न साधा होता. आरोग्य खात्याने वस्तीत सुधारित चुली वाटल्या होत्या. जुन्या चुलीपेक्षा धूर कमी. मग पोरांचा खोकला कमी झाला का? बाईंना आढळलं, नाही झाला. कारणही सापडलं. चूल सुधारली म्हणून बायका निर्धास्त झाल्या आणि थंडी नको म्हणून त्यांनी छताचे झरोके पत्र्याने बुजवून टाकले. उरलासुरला धूर घरातच कोंडला. ज्या घरात झरोका उघडा होता तिथली पोरं कमी खोकत होती, मग चूल नवी असो की जुनी. बाईंनी हे सगळं एका बऱ्यापैकी नियतकालिकात छापून आणलं आणि पुढच्या कामाला लागल्या.

संस्थेत त्यांची किंमत बेताचीच होती. इतर लोक एका अभ्यासाच्या चार फोडी करून चार लेख छापायचे. बाईंचा एका अभ्यासाला एकच लेख. वर त्यांच्या लेखांचा दाखला दुसरं कुणी देत नसे. आणि हल्ली संशोधकाचं वजन याच काट्यावर होतं: तुमचा लेख किती जणांनी आपल्या लेखात उल्लेखला, किती सायटेशन झाली. बढतीच्या वेळी संचालक हळहळल्यासारखं करत. "काम चांगलं आहे हो तुमचं, पण दखल कुणी घेत नाही."

आणि मग दखल घेतली गेली. चुलीच्या लेखाचे दाखले वाढू लागले. आधी चिमूटभर, मग मूठभर, मग रोज नवे. बाईंच्या खोलीतच गणितराव बसत. ते संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ, आणि हे नाव त्यांना बाईंनीच दिलेलं. ते सकाळी आल्या आल्या संगणक उघडून ओरडत, "बाई, आणखी नऊ!" खरं सांगायचं तर बाई हरखल्या. चहाचा कप हातात घेऊन त्या आकडा बघायला जायच्या. घरी नवऱ्यालाही सांगून झालं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "एवढे लोक वाचतायत म्हणजे माझं गिऱ्हाईक वाढणार."

संचालकांनी जाहीर करून टाकलं: संस्थेच्या वार्षिक सभेत बाईंचा सत्कार, आरोग्य सचिवांच्या हस्ते. बढती तर आता धरूनच चाला.

सत्काराला चार शब्द बोलावे लागणार म्हणून बाईंनी एका दुपारी, आपल्याविषयी लोक काय लिहितात ते वाचायला घेतलं. पहिल्या लेखात होतं: 'सुधारित चुलीमुळे मुलांचा खोकला निम्म्यावर येतो', आणि पुढे दाखला बाईंचा. त्यांना वाटलं, गडबडीत चुकलं असेल. दुसरा उघडला. तेच वाक्य. तिसरा, चौथा, दहावा. शब्द न् शब्द तेच वाक्य.

"गणितराव, इकडे या. मी असं कधी म्हटलं?"

दोघांनी माग काढत काढत मूळ गाठलं. या विषयातल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकांनी भलामोठा आढावा लिहिला होता. बाईंच्या लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'सुधारित चुलीमुळे मुलांचा खोकला निम्म्यावर येतो, असा समज आहे.' प्राध्यापक समजापर्यंत पोचलेच नव्हते. बाकीच्यांनी प्राध्यापकांचं उचललं आणि वाचल्याच्या थाटात बाईंचं नाव लावलं.

"म्हणजे माझा लेख वाचला कुणी?"

गणितरावांनी दोन दिवस खपून सगळे दाखले चाळले. "सात जणांनी," ते म्हणाले. "त्यातला एक मी."

बाई हसल्या, पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. आरोग्य खात्याची नवी योजना त्यांनी मागवून वाचली. सगळ्या डोंगराळ भागात चुली वाटायच्या आणि घरदुरुस्तीतला झरोक्यांचा खर्च रद्द करायचा, कारण आता गरज उरली नाही. आधार म्हणून पहिलंच नाव बाईंचं.

त्या तडक संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "बाई, आयुष्यात एकदा दिवस पालटलेत. सत्कार होऊ द्या, बढती पदरात पडू द्या. मग सावकाश खुलासा पाठवू."

"तोवर झरोके बुजलेले असतील."

"तुमचं नाव होतंय, त्यात समाधान माना ना."

"नाव माझं आणि म्हणणं भलत्याचंच? हे नाव होणं नाही साहेब, हे नाव घालवणं आहे."

"भर सभेत काही बोललात तर मी तुमच्या पाठीशी नसेन. सांगून ठेवतो."

"आजवर कधी होतात?" बाई म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर पडल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू बोलणारच आहेस, मग मला विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये, सांगतेय."

"मग मोठ्याने बोल. सभागृहात मागच्यांना ऐकू जात नाही."

सभेत गुच्छ घेऊन बाई माईकपुढे उभ्या राहिल्या. आभार वगैरे काही नाही. त्यांनी वेगवेगळ्या पाच लेखांतलं ते एकच वाक्य पाच वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी मागे कुणीतरी खुदकन हसलं, पाचव्या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या लेखातला निष्कर्ष वाचला. "ज्यासाठी आज माझा सत्कार होतोय ते मी लिहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं ते याच्या बरोबर उलट. सचिवसाहेब, तुमची योजना माझ्या नावावर उभी आहे. माझं नाव काढून घ्या, नाहीतर झरोके परत घाला."

संचालकांचा चेहरा उतरला. सचिव मात्र सावरून बसले. "मग चुली वाटायच्याच नाहीत, असं म्हणता?"

"वाटा की. बायकांचे डोळे कमी चुरचुरतात, ते काय थोडं आहे? पण पोरांचा खोकला थांबवायचा तर छताला भोक पाडावं लागेल. ते काम पत्रेवाल्याचं आहे. त्याला चुलीपेक्षा कमी खर्च येतो, म्हणून तर कुणाच्या लक्षात राहत नाही."

महिन्याभरात योजना थांबवली गेली आणि झरोक्यांचं कलम परत आलं. संचालकांनी बाईंना लेखी माफी मागायला सांगितलं. बाईंनी मागितली नाही. मग त्यांची खोली तळमजल्यावर, भांडारघराशेजारी हलवण्यात आली. गणितराव कुणी न सांगताच आपली खुर्ची उचलून खाली आले.

बाईंनी प्राध्यापकांना लिहिलं. उत्तर नाही. मग त्यांच्या नियतकालिकाला लिहिलं, आणि पुन्हा लिहिलं. शेवटी एका कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती छापून आली. त्यावर वाद पेटला. कुणी बाईंची बाजू घेतली, कुणी त्यांनाच आगाऊ म्हटलं, आणि प्रत्येकाने भांडताना त्यांच्या लेखाचा दाखला दिला. यंत्राला काय, शिवी दिली काय नि ओवी गायली काय, ते सगळं मोजतं. आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला.

पुढल्या बढतीच्या मुलाखतीत समितीचे अध्यक्ष, बाहेरून आलेले एक वयस्क गृहस्थ, चक्रावले. "एवढे दाखले? मग यांची बढती अडली कशी?"

संचालक घसा खाकरून म्हणाले, "त्यातले बहुतेक चुकीचे आहेत."

"असं कोण म्हणतं?"

"मी," बाई म्हणाल्या. "चुकीचे वजा करा, भांडणातले वजा करा. उरतील त्यांवर द्यायची तर द्या. किंवा आकडा ठेवा बाजूला आणि लेख वाचा. आठच पानं आहेत, मी बसते."

अध्यक्षांनी खरंच चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं. पण समितीतल्या इतर दोघांना गाडी गाठायची होती. त्यांनी नियमाप्रमाणे वजाबाकी केली, आणि उरलेल्या मूठभर दाखल्यांत बढती बसली नाही.

बाहेर गणितराव जिन्याशी उभे होते. "काय झालं?"

"नाही म्हणाले."

"मग आता?"

"आता काय? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. दरवर्षी माझ्या तोंडावर नाही म्हणायला लावते त्यांना." बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "चला, पत्रेवाला खाली खोळंबलाय. पलीकडच्या वस्तीतली छतं अजून झरोक्यांसाठी मोजायची आहेत."