उतार मुलीकडून मुलाकडे

राज्य नवं, राजधानी नवी आणि मीही नोकरीत नवाच होतो. रायपूरच्या गटारयोजनेच्या सर्वेक्षणात माझ्या वाट्याला बूढापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या गल्ल्या आल्या. तिपाईवर दुर्बीण लावायची, रस्त्याची उंची मोजायची आणि सांडपाणी आपोआप कुठे वाहत जाईल ते नकाशावर बाणाने दाखवायचं, एवढंच काम.

एका गल्लीत बाण काढत असताना मागून आवाज आला, "हा बाण माह्या घराकडे काहून?"

रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. मी समजावलं, "वरच्या घराचं पाणी तुमच्या दारासमोरून पुढे शुद्धीकरण केंद्राकडे जाईल. पाइप जमिनीखाली असेल, वासही येणार नाही."

"वरचं घर कोणाचं आहे, मालूम आहे का? माह्या सुनेच्या बापाचं. मी पोराचा बाप आहो. पोरीकडच्यायची घाण माह्या दारातून जाईन?"

"आजोबा, उतारच तसा आहे."

"मंग उतार बदला."

त्यांची खात्री पटावी म्हणून मी त्यांना दुर्बिणीतून बघायला लावलं. आमची दुर्बीण जुन्या पद्धतीची, तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. नेमके तेव्हाच व्याही आवाज ऐकून बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. आजोबा बराच वेळ बघत राहिले. "डोक्यावर उभे दिसून राहिले," ते समाधानाने म्हणाले. पण हट्ट काही सुटला नाही.

भांडण कशावरून आहे ते कळल्यावर मुलीचे वडील अजिजीने व्याह्यांना म्हणाले, "इवाईबुवा, नाराज नका होऊ. सकाळी आधी तुमच्या घरचं होऊ द्या. आमी थांबतो."

ओट्यावर तांदूळ निवडणारी सून तोंडाला पदर लावून आत पळाली. तिचा नवरा कळवळून म्हणाला, "पापा, अंदर चलिए ना."

पापांनी मात्र प्रस्तावावर नीट विचार केला. "हव," ते म्हणाले, "असं असन तर चालन."

मी घाईघाईने बाण पक्का केला.

पाइप त्या वर्षी आलाच नाही. पण शेजारच्या गल्ल्यांचं मोजमाप होईपर्यंत मी रोज सकाळी तिथून जायचो. मुलीचे वडील ओट्यावर पेपर घेऊन अवघडून बसलेले असत.

"झालं का, इवाईबुवा?" ते हाक देत.

"थांबा जरा," खालच्या घरातून उत्तर येई.

मग ते पाय आवळून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेत.