आमचा फुगा नांदगावच्या कांद्यात उतरला

गेल्या आठवड्यात नाशिकला आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवरून एक भलामोठा पांढरा फुगा सोडला... आणि थोड्याच वेळात माझा चेहरा पडला.

हा उद्योग कशासाठी, ते आधी सांगते. ओझोन खूप उंचावर असतो तेव्हा आपल्याला उन्हापासून वाचवतो, पण तोच जमिनीलगत साचला की छातीला त्रास देतो. सॅटेलाइट वरून बघतो, त्यामुळे वरच्या जाड थराआडून खालचा ओझोन त्याला नीट दिसत नाही... आकडा चुकतो. तो सुधारायची एक पद्धत मी आणि माझा सहकारी निखिल दोन वर्षं बसवतोय.

ती बरोबर आहे का, हे बघायला फुगा. त्याला टांगलेला डबा वर जाता जाता ओझोन प्रत्यक्ष मोजतो. सॅटेलाइट डोक्यावरून जायच्या वेळीच सोडावा लागतो, आभाळही मोकळं हवं. आणि आमच्याकडचा हा शेवटचा फुगा होता.

फुगा झकास वर गेला... आणि खाली डब्याकडून येणारे आकडे पकडणारा आमचा रिसीव्हर बंद पडला! डब्यात मेमरी कार्ड होतं, पण वर फुगा फुटल्यावर डबा पॅराशूटने कुठे उतरेल, कोण सांगणार? रडायचीच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ताई, तुमचा डबा आमच्या कांद्यात पडलाय. त्याच्यावर हा नंबर हाय... फुटायचा तर नाय ना?"

नांदगावजवळच्या एका गावातून सुरेखाताई बोलत होत्या. मी आणि निखिल तसेच गाडीत बसलो.

"चिखल लय लागला व्हता," डबा हातात देत त्या म्हणाल्या. "नळाखाली धरणारच व्हते. मग म्हटलं, कुणाचं तरी काम अडकलं असंल... ऱ्हाऊ दे." पाणी आत गेलं असतं तर कार्ड कामातून गेलं असतं!

हा डबा काय मोजतो, ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या पोरीला उन्हाळ्यात दुपारचा दम लागतो. धूर नाय, धूळ नाय... ह्या वायूनं असंल का?"

मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. त्या गावात हवा मोजायचं यंत्र नाही, आणि सॅटेलाइटच्या आकड्यावर भरवसा ठेवावा अशी स्थिती नव्हती. "तिला डॉक्टरांना दाखवाच," एवढंच म्हणाले. "हवेचं आम्ही बघतोय."

त्यांच्याच ओट्यावर बसून निखिलने कार्ड लॅपटॉपला लावलं. डेटा शाबूत!

परवा हिशेब पूर्ण झाला. जुन्या पद्धतीने काढलेला खालचा ओझोन फुग्याच्या मोजणीपेक्षा बराच कमी येत होता, आमच्या पद्धतीने काढलेला अगदी जवळ आला. अजून फरक आहे, एका फुग्यावरून सिद्धही काही होत नाही... तरी निखिल खुर्चीतून उठून खोलीभर येरझाऱ्या घालत होता.

काल सुरेखाताईंना फोन केला. पोरीला दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिलाय, रात्री शांत झोपली म्हणाल्या.

"मग आता आमच्या गावावरची हवा कळंल का?"

"सुरुवात झालीय, ताई."

दोन वर्षांत हे उत्तर मी कुणालाही इतक्या खात्रीने दिलं नव्हतं... सुरेखाताई, मनापासून आभार.