दौलताबादपर्यंत मागितलेलं पाणी

समोरचा पटकन ‘हो’ म्हणाला की मला संशय येतो. लासूर स्टेशनच्या बाजारात मी बैलांची दलाली करत मोठा झालो. आम्ही सांगितलेल्या पहिल्याच भावाला विकणारा तयार झाला, तर आम्ही बैलाचे दात पुन्हा तपासायचो.

पुढं शहर वाढलं, दौलताबादच्या वाटेवर पडेगावला प्लॉट पडले. मीही तिथं घर बांधलं आणि नव्या वस्त्यांच्या कृती समितीत शिरलो. साहेबांना गाठायचं, फाइल हलवायची, मुंबईला शिष्टमंडळ न्यायचं, हेच माझं काम होऊन बसलं. सोबत समितीचे वकीलसाहेब असत. जुन्या शहरातलं कारकुनी घराणं, कडक इस्त्री, गोड जीभ. मी तापायचो, ते निववायचे.

दुष्काळ हटत नव्हता. टँकर आला की गल्लीत डोकी फुटायची. पडेगावला नळाची लाइन मिळवायचीच, असं ठरलं. वकीलसाहेब म्हणाले, “भाऊ, बाजार तुम्हीच शिकवला आम्हाला. पडेगाव मागितलं तर अर्ध्या रस्त्यात आणून सोडतील. थेट दौलताबादपर्यंत मागा. कापत कापत पडेगावावर येतील.”

मला पटलं. मंत्र्यांच्या दालनात मी टेबलावर हात आपटला. “दौलताबादपर्यंत लाइन पाहिजे. त्याच्या अलीकडं ऐकणार नाही!” यानंतर चिडून उठायचं, दारातून परत फिरायचं, सगळं ठरलेलं होतं. मंत्र्यांनी सचिवांकडं पाहिलं. “रास्त मागणी आहे. देऊन टाका.”

टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

“अहो, हसा की,” मंत्री म्हणाले. “मिळालं ना?”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “वकीलसाहेब, हे लई सोपं झालं.”

“तुम्हाला सुख टोचतं, भाऊ.”

पाइप आला. माझ्या दारासमोरून खणत पुढं गेला. पडेगावात एक तोटी बसली नाही. मी इंजिनिअरला आडवा झालो.

“काका, ही थेट लाइन आहे,” तो म्हणाला. “मधे जोड द्यायची मंजुरी नाही. तुमच्याच समितीनं दौलताबाद मागितलं ना?”

शेजारच्या मावशी रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. “अण्णा, पाणी पायाखालून चाललं म्हणा. वर कधी येणार?”

मग मला कळलं, वकीलसाहेबांच्या मेव्हण्याचं हॉटेल दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहतंय. मी त्यांच्या घरी गेलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. “तुम्हाला आधी माहीत होतं. व्हय का नाय, एवढंच सांगा.”

“तिथंही माणसंच राहतात, भाऊ. चहा घेणार?”

हे काही उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीत बसलो नाही.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडं मी एकटाच गेलो. “पडेगावला दहा तोट्या पाहिजेत.”

“दहा? वेड लागलंय का? दोन.”

“दोन तोट्यांवर मुडदे पडतील, साहेब!”

“ओरडू नका. चार.”

“आठ.”

“पाच. आणि आता उठा, बाहेर लोक थांबलेत.”

मी उठलो नाही. जोड कुठं देणार, मंजुरी कोण आणणार, खोदाई कधी, एकेक गोष्ट काढली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी नाक मुरडलं, आणि तसतसा माझा जीव भांड्यात पडत गेला. जो माणूस एवढी घासाघीस करतो, त्याला खरंच द्यायचं असतं.

पाच तोट्या बसल्या. उद्घाटनाच्या फोटोत नारळ हातात घेऊन मधोमध वकीलसाहेब आहेत. शेजारच्या मावशी आहेत, वाकून पाहणारी पोरं आहेत. मी कुठंच नाही. मी तेव्हा सगळ्यात टोकाच्या तोटीपाशी उभा होतो. तिला पाणी येतं का, ते पाहत.